ई-संजीवनी ओपीडी: तापात घरबसल्या डॉक्टर, पण तयारी तुमची

दोन दिवसांचा ताप, अंगदुखी, घसा, जुलाब, नाहीतर बीपी-शुगरच्या चालू गोळ्या. एवढ्यासाठी ही सरकारी सेवा उत्तम. छातीत दुखतंय किंवा दम लागलाय, तर ॲप उघडत बसू नका, १०८ लावा.

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये सुरू झालेली ही ओपीडी मोफत आहे. मोबाईल नंबर, ओटीपी, रुग्णाची माहिती, मग टोकन आणि रांग. नंबर लागला की व्हिडिओ कॉल, नंतर चिठ्ठी पीडीएफमध्ये. जुने रिपोर्ट आधीच अपलोड करा. ऐन कॉलमध्ये फाईल शोधण्यात वेळ जातो.

खरी अडचण एकच: डॉक्टरांना पोट दाबून बघता येत नाही, छाती तपासता येत नाही. त्यामुळे सल्ला तुमच्या सांगण्यावर ठरतो. ‘ताप येतोय’ एवढंच म्हणालात तर पॅरासिटामॉलवर भागेल. ‘परवा संध्याकाळपासून १०२, गोळीने उतरतो, सहा तासांत परत चढतो, सकाळपासून लघवी एकदाच’ असं सांगितलंत तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंग्यूच्या एनएस१ चाचणीचा विषय निघतो. वजन, ॲलर्जी सांगा. चालू गोळ्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा स्ट्रिपच कॅमेऱ्यापुढे धरा.

चिठ्ठीत ‘विश्रांती’ लिहिलेलं असतं, त्याचा खुलासा मागून घ्या: किती दिवस, पाणी किती, कामावर कधी. डेंग्यूत ताप उतरला की लोक उठून कामाला लागतात आणि नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. पोट सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काहीही दिसलं तर पुन्हा टोकन नाही, थेट हॉस्पिटल.

औषधांत नेहमी होणारा घोळ म्हणजे तापाच्या गोळीबरोबर सर्दीची गोळी. पुष्कळदा तिच्यातही पॅरासिटामॉल असतं, म्हणजे डोस दुप्पट. दोन डोसांत किमान चार ते सहा तास हवेत. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ब्रुफेन, ॲस्पिरिन घरात असली तरी घेऊ नका. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, पेल्यात चमचाभर टाकून नव्हे. प्रमाण बिघडलं तर जुलाब वाढूही शकतात. कालवलेलं २४ तासांनंतर ओतून द्या.

अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या अशा कॉलवर लिहून मिळत नाहीत. नियमच तसा आहे, डॉक्टरांशी हुज्जत घालू नका.

पुढच्या वेळी तेच डॉक्टर भेटतील याची खात्री नाही, म्हणून पहिली चिठ्ठी डाउनलोड करून ठेवा आणि दुसऱ्या कॉलआधी तीच अपलोड करा.