एकाच खोलीला नवं छत का?

घर बघायला आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा मागच्या बेडरूममध्ये पाय ठेवला की मालक स्वतःहून सांगायचे, "ही खोली खास करून घेतलीय." नवं फॉल्स सीलिंग, नवी फरशी, दाराची चौकटही नवी. बाकीचं घर मात्र जुनाट. बायको म्हणाली, "सगळा खर्च एकाच खोलीवर का केला असेल?" मी म्हटलं, "आपला फायदाच आहे की." हे वाक्य ती मला अजून ऐकवते.

प्रत्येक वेळी खिडक्या सताड उघड्या आणि रूम फ्रेशनरचा घमघमाट. तेही आम्हाला आदरातिथ्यच वाटलं!

राहायला आल्यावर पहिल्या पावसात खोली दोन दिवस बंद राहिली आणि वास सुटला, विझवलेल्या चुलीसारखा. भिंतीत मुरलेला धुराचा वास दमट हवेत पुन्हा वर येतो, हे नंतर कळलं. तोवर आम्ही ओल आली समजून आठवडाभर नळ तपासत बसलो होतो.

उलगडा केला तो पंख्याचा रेग्युलेटर बदलायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने. त्याने बोर्ड उघडला, पेटीत बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. काळंकुट्ट. वायर जरा वाकवली तर वरचं आवरण कडकन तुटलं. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर. "साहेब, इथे जळालंय." बाहेरची प्लेट कोरी, आतली वायर मात्र तीच. वायरच्या आवरणाचं प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलाव्यात त्याचं आम्ल होतं आणि ते धातू खात राहतं. म्हणून आग विझली तरी गंज थांबत नाही. घर घेण्याआधी एक स्विचबोर्ड उघडून बघितला असता तर एवढ्यावरच सगळं कळलं असतं.

मग फॉल्स सीलिंगचा एक तुकडा उतरवला. इंजिनिअरने स्लॅबवर हातोडी ठोकत नेली. दाराकडे खणखणीत आवाज, पंख्याच्या हुकाभोवती बद्द. तिथलं प्लास्टर सोललं तर काँक्रीट फिकट गुलाबी. काँक्रीट साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की खडी-वाळूतल्या लोहामुळे असा रंग येऊ शकतो, आणि त्यापुढे त्याची ताकद घटत जाते. खडीत लोह कमी असेल तर रंग दिसतच नाही, त्यामुळे राखाडी स्लॅब बघून निर्धास्त होऊ नका. आमच्याकडे शेवटी स्लॅबमध्ये ड्रिल करून आतल्या काँक्रीटचे नमुने काढून तपासावे लागले. वायरिंग पूर्ण नवीन, स्लॅबची दुरुस्ती अजून चालू. आम्ही हॉलमध्ये झोपतो.

शेजारच्या काकूंना विचारलं. "अहो, अग्निशमन दल आलं होतं की! आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल." दलाकडे अशा वर्दीची नोंद असते, मी व्यवहारानंतर चौकशी केली, तुम्ही आधी करा. आणि 'या घरात कधी आग लागली होती का' हा प्रश्न मालकाला लेखी विचारून लेखीच उत्तर घ्या. मी फोन केला तेव्हा घराचे आधीचे मालक शांतपणे म्हणाले, "किरकोळ शॉर्टसर्किट होतं. तुम्ही विचारलं नाहीत."