इटलीला जाताना: मुंबईहून निघणारी ग्रुप टूर की तिथला छोटा गट?

इटली मी दोनदा पाहिली. २०१८ साली आई-बाबांना घेऊन मुंबईहून निघणाऱ्या युरोप टूरमध्ये, आम्ही बेचाळीस जण होतो. दुसऱ्यांदा २०२५ च्या जूनमध्ये बायकोबरोबर: विमानाचं तिकीट आपलं आपण काढलं आणि रोममध्ये चौदा जणांच्या एका इंग्रजी बोलणाऱ्या गटात सामील झालो. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ही गावं दोन्हीकडे तीच होती, म्हणून तुलना करायचं धाडस करतोय.

आपल्या टूरबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरं आहे. व्हिसाच्या कागदांपासून विमानतळावरच्या बॅगांपर्यंत आम्ही काहीही केलं नाही. टूर मॅनेजर मराठी, गोड बोलणारा आणि बाबांच्या गुडघ्याची चौकशी रोज न चुकता करणारा. ‘सहा-सात-आठ’ म्हणजे सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला गाडी, हे गणित तिसऱ्या दिवशी अंगवळणी पडतं. बसमध्ये भेंड्या आणि मधूनच बाकरवडी. आईच्या पाच मैत्रिणी तिथे झाल्या, त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे.

फक्त माहितीपत्रक नीट वाचा. ‘फोटो स्टॉप’ (उतरून बाहेरून फोटो काढायचे), ‘ओरिएंटेशन टूर’ (गावाची धावती ओळख) आणि ‘प्रवेशासह’ (तिकिटासह आत जायचं) हे तीन वेगळे शब्द आहेत आणि टूरची अर्धी किंमत त्यांच्यात दडलेली असते. आम्ही कोलोसियम बाहेरून पाहिलं. फ्लोरेन्स आधी टेकडीवरच्या पियाझाले मायकेलँजेलोवरून, आणि मग चौकात उभा असलेला मायकेलँजेलोचा डेव्हिड. तो प्रतिकृती आहे, मूळ पुतळा १८७३ मध्येच ॲकॅडेमिया संग्रहालयात हलवला, हे मला घरी आल्यावर कळलं.

पण हेही मी सोडून दिलं असतं. मला खटकलं ते संध्याकाळचं जेवण.

व्हेनिसमध्ये बस आत जात नाही. ट्रॉन्केटो या बसतळावर उतरायचं आणि तिथून बोटीने सान मार्को या मुख्य चौकापाशी. काचकामाचं प्रात्यक्षिक आणि गोंडोला उरकून साडेचारला आमची परतीची बोट सुटली, कारण सव्वासहाला मुख्य भूमीवरच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये टेबलं राखून ठेवलेली. जेवण उत्तम होतं, तक्रार नाही. पनीर, डाळ, गुलाबजाम. तिथून पाडोव्हा या जवळच्या शहराच्या बाजूला, महामार्गाला लागून असलेलं हॉटेल. शेजारी पेट्रोल पंप आणि एक गोदाम. आठला खोलीच्या किल्ल्या मिळाल्या. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. बाबा आणि मी पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होतो. बाबा म्हणाले, “अजून उजेड आहे रे.”

यात निव्वळ कंपनीची कंजुषी आहे असं नाही. युरोपात बसचालकाला दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १०. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि रोज सलग ११ तासांची सुटी, जी आठवड्यात मोजक्याच वेळा कमी करता येते. गाडीतलं यंत्र सगळं नोंदवून ठेवतं. म्हणजे रोज आठला निघायचं तर रात्री नऊच्या आत गाडी मुक्कामी लागायलाच हवी. त्यात बेचाळीस जणांना पुरतील एवढ्या खोल्या आणि बस लावायला जागा गावाबाहेरच परवडते. कारण पटतं, पण संध्याकाळ गेली ती गेलीच.

दुसऱ्या वेळी आमचं हॉटेल व्हेनिसमध्येच होतं, कानारेज्जिओ भागातल्या एका बोळात. खोली एवढी लहान की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर बसायचं. पण संध्याकाळी दिवसभराची गर्दी ओसरते आणि गाव पुन्हा गावासारखं दिसायला लागतं. जेवण गटाबरोबर नव्हतंच, ज्याचं त्याने बघायचं. आम्ही कालव्याच्या काठावर बसून पावावरचे छोटे छोटे पदार्थ खाल्ले आणि साडेनऊला रियाल्टो पुलावर गेलो. सान मार्कोच्या चौकात कॅफेंचे वाद्यवृंद वाजत होते. आम्ही उभ्यानेच ऐकलं, खुर्चीत बसलं की बिल वाढतं.

आता या बाजूचे काटे. पुलाच्या पायऱ्यांवर चाकाच्या बॅगेचा काही उपयोग नसतो, ती उचलावी लागते. रोम ते फ्लोरेन्स दीड तास, पुढे व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर, सगळं रेल्वेने, आणि सामान ज्याचं त्याने चढवायचं. चालणं भरपूर. आमच्या गटात सत्तरीच्या एक ऑस्ट्रेलियन बाई सगळ्यांच्या पुढे असायच्या, पण बाबांना ते झेपलं नसतं. कडक शाकाहारी माणसाचे हाल होतात: पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध विरजून घट्ट करणारा पदार्थ) असतं आणि ‘भाज्यांचं’ सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. उपवास असेल तर केळी.

व्हिसाही आपला आपण. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच अपॉइंटमेंट बघा, मे महिन्यात जीव टांगणीला लागतो. गटाचं बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच द्या, कारण कोलोसियमची तिकिटं आता नावानिशी असतात. पैशांचं म्हणाल तर रात्रीची जेवणं धरून आम्हाला हा प्रवास थोडा महागच पडला असावा. पै-पैचा हिशेब ठेवला नाही.

आणखी एक. ऑगस्ट २०२४ पासून व्हेनिसमध्ये गाइडबरोबरच्या गटात २५ पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत आणि लाउडस्पीकरवर बंदी आहे. मोठ्या टूरचे आता तिथे दोन भाग करावे लागत असणार. बुकिंगच्या वेळी विचारून घ्या, दुसऱ्या भागाबरोबर कोण असतं ते.

पहिलाच परदेश प्रवास असेल, सोबत वडीलधारे असतील, ताटात वरण-भात हवाच असेल, तर मुंबईची टूर घ्या. मीही पुन्हा तेच करीन. दोघंच असाल आणि स्वतःची बॅग तीन पूल उचलून नेता येत असेल, तर मात्र दुसऱ्या पर्यायाचा जरूर विचार करा. आणि कुठलीही टूर घ्या, हॉटेलचं नाव मागा. ‘व्हेनिस परिसर’ या उत्तरावर समाधान मानू नका. नाव ठरलं नसेल तर गेल्या वर्षीच्या हॉटेलांची यादी मागा, नकाशावर टाका आणि तिथून संध्याकाळी सातला चालत कुठे जाता येईल ते बघा. पेट्रोल पंप दिसला तर समजून जा.