दहाच्या नोटेवर आलेले पैसे

गेल्या आठवड्यात सलाटवाड्यातल्या एका ओळखीच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते. मी निघत होते तेवढ्यात त्यांनी पर्समधून दहाची नोट काढली, तिच्या नंबराचा मोबाईलवर फोटो घेतला आणि म्हणाल्या, "कुवेतला मुलाला पाठवते. संध्याकाळी पैसे घ्यायला जायचंय." माझ्या पोटात गोळा आला. चप्पल काढून परत आत बसले आणि आमच्यावर काय गुदरलं ते सगळं सांगितलं. काकूंना पटलं नाही. बडोद्यात दांडिया बाजारापासून वारसियापर्यंत आपल्या किती घरांतलं माणूस आखातात आहे, म्हणून आता ते लिहून काढते आहे.

आमचे हे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. २०२१ साली ओमानमधल्या सोहारला गेले. पहिली दोन वर्षं एक्सचेंजमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या परवानाधारक पेढीतून, पैसे पाठवत. कॅम्प गावाबाहेर, बस एका आड एक शुक्रवारी. रांगेत दोन तास उभं राहायचं, रेसिडेंट कार्ड दाखवायचं, दोन रियाल चार्ज भरायचा. पावतीचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा आणि पैसे खात्यात जमा व्हायचे. पासबुकात त्या नोंदीपुढे एक्सचेंजचं नाव असायचं. तेव्हा त्या नावाकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं.

२०२३च्या दिवाळीनंतर कॅम्पवर एक जण येऊ लागला. आपल्याच बडोद्याचा, मराठी, मला फोनवर "वहिनी" म्हणायचा. पगाराच्या संध्याकाळी खोलीवर येऊन रोख रियाल घेऊन जायचा. एक्सचेंज रियालला २१५ रुपये देत होतं, हा २१८ द्यायचा आणि चार्ज काही नाही. तीनशे रियालमागे तेराशे रुपये सुटत होते. शिवाय रांग नाही, शुक्रवारची सुट्टी वाया जात नाही. बारा-बारा तास उन्हात उभं राहणाऱ्या माणसाला एक दिवस पडून राहायला मिळतो, हेही काही थोडं नाही. मीच म्हटलं, द्या त्याला.

इकडे मला मिळायची पद्धत अशी. मी घरातल्या कुठल्याही दहाच्या नोटेचा नंबर पाठवायचा. दुसऱ्या दिवशी मांडवीजवळच्या गल्लीत एका कटलरीच्या दुकानात जाऊन ती नोट द्यायची. दुकानातला मुलगा मोबाईलमधल्या नंबराशी ती ताडून बघायचा, गल्ल्याखालून गड्डी काढून मोजून द्यायचा आणि माझी नोट ठेवून घ्यायचा. सही नाही, चिठ्ठी नाही. ती नोट हीच त्यांची पोच. म्हणजे पैसे माझे, पण पुरावा दर वेळी त्यांच्याकडे राहायचा. चार महिने पैशालाही फरक पडला नाही, म्हणून यात काही खटकण्यासारखं आहे असं वाटलंच नाही.

भावाचं गणित आता कळतं ते सांगते. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे साधारण २.६० डॉलर. डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे बँका आपसात ज्या भावाने घेतात-देतात तोच २१६-२१७ बसत होता. मोबाईलवर शोधलं की दिसतो तो हाच भाव. परवानाधारक एक्सचेंज त्याहून थोडा कमीच देणार, त्यातच त्याचं पोट आहे. मग हा त्याहून जास्त कुठून देतो? आमचे रियाल भारतात येतच नसत. ते तिकडेच कुणाला तरी सोन्यासाठी, नाहीतर हिशेबाबाहेरच्या मालासाठी हवे असत, आणि त्या माणसाचे इकडचे रुपये आमच्या हातात पडत. ते रुपये कुठले, हे आम्ही कधी विचारलं नाही. हवाला म्हणतात तो हाच. आंगडियाकडून, म्हणजे खाजगी कुरियरवाल्याकडून, गावोगाव रोकड जाते हे बडोद्यात लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे दुकानात नोट दाखवून पैसे घेणं मला परकं वाटलं नाही. दोन्ही गोष्टी मी मनात एकच करून टाकल्या.

मार्च २०२४मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. हा म्हणाला, "वहिनी, रस्त्यात तपासणी आहे, रोकड फिरत नाही. मतदान होईपर्यंत खात्यावर टाकतो." आपल्याकडे ७ मेला मतदान होतं आणि नाकाबंदी मी रोज बघत होते, त्यामुळे खरं वाटलं. खातेनंबर दिला. एप्रिलमध्ये एकाच दिवशी तीन वेळा रक्कम जमा झाली, २०,०००, २५,००० आणि १९,५००. तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडून, एकही नाव ओळखीचं नाही. मी विचारलं तर म्हणाला, आपलीच माणसं आहेत. तिथेच थांबायला हवं होतं. पासबुकात ज्याला आपण ओळखत नाही असा माणूस आपल्याला पंचवीस हजार देतो आहे, आणि मी घरखर्चाला ते उचलते आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्या. मुलीची फी भरायला गेले तर यूपीआय होईना. रावपुऱ्यातल्या बँकेत गेले. खातं गोठवलेलं होतं, दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून. आत १,८४,००० रुपये अडकले. बँकेतल्या बाईंनी हळू आवाजात समजावलं. एका निवृत्त शिक्षिकेला दोन दिवस व्हिडिओ कॉलवर धरून, अटकेची भीती घालून लुबाडलं होतं. तिचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून माझ्या खात्यात आले होते. त्या पंचवीस हजारांतून मी सासूबाईंची औषधं आणली होती, गॅस भरला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. फी कशी भरायची याचा घोर होताच, पण त्या बाईंचा चेहरा कसा असेल, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

याच आठवड्यात आणखी मोठा घाव बसला. खातं बंद पडल्याचं यांनी कॅम्पवर येणाऱ्या त्या माणसालाच सांगितलं, कारण दुसरं कोण होतं सांगायला! तो म्हणाला, काळजी करू नका, तोडगा निघेपर्यंत रोख देतो, भावही २२१चा धरतो. फ्लॅटच्या हप्त्यासाठी साठवलेले आणि रजेच्या पगाराचे मिळून नऊशे रियाल यांनी त्याच्या हातात दिले. जवळजवळ दोन लाख रुपये. मी नोटेचा नंबर पाठवला, दुसऱ्या दिवशी मांडवीला गेले. मुलगा म्हणाला, असा नंबर आलेलाच नाही. तिसऱ्या दिवशी शटर खाली. तिकडे त्याचा फोन बंद, खोली रिकामी. ती एक नोट मात्र माझ्याकडेच राहिली.

तक्रार करायला गेले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. १९९९च्या फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, परदेशातल्या माणसाच्या वतीने येणारे पैसे अधिकृत मार्गाशिवाय घेणं हाच नियमभंग आहे, म्हणजे पाठवणाराच नाही तर घेणारीही त्यात येते. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. वकिलांनी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाजवळच्या टपरीवर चहा पाजत हे सांगितलं, तेव्हा माझे हातपाय गार पडले. तिकडे ओमानमध्येही परवान्याशिवाय चलनाचा धंदा करता येत नाही, त्यामुळे यांना तिथे तक्रारीला जायचीच भीती वाटली.

खातं सोडवायला चार महिने लागले. तपास अधिकाऱ्याला मेल केले. यांचा व्हिसा, कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, दोन वर्षांच्या एक्सचेंजच्या पावत्या, सगळं पाठवलं. त्यांनी एकच विचारलं, हे तीन जण तुमचे कोण? माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुन्या पावत्यांनी मात्र वाचवलं, निदान आम्ही नोकरदार माणसं आहोत हे त्यावरून दिसलं. शेवटी वादातले २५,००० रोखून बाकी मोकळे केले.

आता हे मोबाईलवरच्या अ‍ॅपवरून, परवानाधारक एक्सचेंजमार्फत पाठवतात, शुक्रवार मोडत नाही. हे दोन वर्षांपूर्वीच करता आलं असतं, याचं फार वाईट वाटतं. यांचं जुनं बचत खातं साधंच राहिलं होतं, नोकरीसाठी परदेशी गेलेल्याला तसं ठेवता येत नाही हेही तेव्हाच कळलं. ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घेतलं आणि तिकडच्या पगारासाठी वेगळं एनआरई खातं उघडलं, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. माझ्या खात्यात घरखर्चाचे पैसे येतात तेव्हा मी पावतीवरचा संदर्भ क्रमांक, यांचं नाव आणि पासबुकातली नोंद एकमेकांशी ताडून बघते. अनोळखी नावाने एक रुपया आला तरी त्याच दिवशी बँकेला लेखी कळवायचं, आणि फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा. मी दहा दिवस त्याच्या फोनची वाट बघत घालवले, तुम्ही नका घालवू.

रोखलेले पंचवीस हजार कोर्टाच्या हुकमाने त्या शिक्षिकेकडे गेले, असं अधिकाऱ्यांनी मेलने कळवलं. आमच्या नऊशे रियालचा पत्ता नाही. काकूंकडे परवा पुन्हा जाणार आहे, माझं पासबुक आणि ती नोट घेऊन. त्यांच्या मुलाला शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा यांनी सोहारहून त्याला फोन करायचा असं ठरलं आहे.