कुत्र्याचा आरोग्यविमा : लातूरहून दोन पॉलिसींची तुलना

आमच्या गावठी कुत्रीसाठी विमा निवडताना न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स आणि बजाज अलायन्झ (२०२५ पासून बजाज जनरल इन्शुरन्स) या दोन कंपन्यांच्या पॉलिसी मी शेजारी ठेवून वाचल्या. सरकारी मालकीच्या न्यू इंडियाच्या पॉलिसीचा गाभा म्हणजे अपघाताने वा आजाराने आलेल्या मृत्यूची भरपाई. गाई-म्हशींच्या विम्याचीच ही जुनी रीत. २०२० मध्ये आलेल्या बजाजच्या पॉलिसीत मात्र शस्त्रक्रिया व दवाखान्यात ठेवण्याच्या खर्चाचा विचार आहे, बाह्यरुग्ण उपचारांचे आणि कुत्रा कुणाला चावल्यास येणाऱ्या कायदेशीर जबाबदारीचे कलम जोडून घेता येते, शिवाय गावठी कुत्र्यांनाही ती खुली आहे.

आपल्याकडे गोचिडांमुळे येणारा ताप हा नेहमीचा आजार असून त्यात शस्त्रक्रिया नव्हे, तर रक्ततपासणी आणि बरेच दिवस चालणारी औषधे यांवर पैसा जातो. म्हणून बाह्यरुग्ण कलमाविना बजाजची पॉलिसीही मला अपुरी वाटते. लसीकरणाची नोंद नसेल, तर पार्व्हो किंवा डिस्टेंपर या लसीने टाळता येणाऱ्या विषाणूजन्य आजारांचा दावा टिकणे कठीण. आणि पावती! मेडिकलवाला ती मागितल्याशिवाय देत नाही (मागितल्यावरही कुरकुरतोच), तर दाव्याला नोंदणीकृत पशुवैद्याची चिठ्ठी आणि पक्के बिल दोन्ही लागतात. हप्ता थोडा जास्त असला तरी बाह्यरुग्ण कलमासह बजाजचीच पॉलिसी मी घेतली.