इंडो-युरोपीय भाषाकुळावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम : शिकवणे उत्तम, टिपणे सदोष

संस्कृत, ग्रीक, लॅटिन अशा एकाच लुप्त मूळ भाषेतून निघालेल्या भाषांच्या, म्हणजे इंडो-युरोपीय भाषाकुळाची ओळख करून देणारे बहुतेक अभ्यासक्रम या भाषांमधल्या सारख्या शब्दांच्या याद्या दाखवून थांबतात. मी नुकताच पूर्ण केलेला हा ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम तसे करत नाही, आणि एवढ्यासाठीच तो घेण्याजोगा आहे. भाषांचे नाते वरवरच्या साम्यावरून नव्हे, तर नियमितपणे घडलेल्या ध्वनिबदलांवरून सिद्ध होते, हे सूत्र त्यात अखेरपर्यंत सुटत नाही. या भाषांचा उगम एकच असावा असे सांगणारे विल्यम जोन्स यांचे १७८६ सालचे प्रसिद्ध व्याख्यान थोडक्यात आटोपले आहे, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत सरस पाठ व्हर्नर यांच्या नियमाचा. मूळ भाषेतली व्यंजने जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन यांच्या शाखेत) कशी बदलली हे सांगणाऱ्या ग्रिम यांच्या नियमाप्रमाणे मूळ ‘त’चा तिथे ‘थ’सारखा घर्षक (हवा घासत बाहेर पडणारा) ध्वनी व्हायला हवा, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या ‘ब्रोथर’मध्ये (भाऊ) तो होतो, पण ‘फदर’मध्ये (वडील) मात्र ‘द’ आढळतो. हा फरक मूळ भाषेत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर आघात (जोर) होता त्यामुळे पडला, असे कार्ल व्हर्नर यांनी १८७०च्या दशकात दाखवून दिले, आणि तो आघात वैदिक भाषेने जपून ठेवला आहे : ‘भ्राता’ शब्दात उदात्त (उंच स्वर) पहिल्या अक्षरावर, तर ‘पिता’ शब्दात दुसऱ्यावर. ऋग्वेदाची स्वरचिन्हांसह लिहिलेली संहिता पडद्यावर आणून शिक्षक ‘पि’खालची अनुदात्ताची (खालच्या स्वराची) आडवी रेघ दाखवतात, तेव्हा गॉथिकमधल्या एका व्यंजनाचा उलगडा वेदपाठकांनी सांभाळलेल्या स्वरांतून होताना आपल्याला प्रत्यक्ष दिसतो.

दुर्दैवाने, उतरवून घ्यायच्या टिपणांत नेमकी हीच स्वरचिन्हे गळली आहेत. त्यांच्याविना त्या पाठाची टिपणे वाचून काहीच हाती लागत नाही, आणि इतक्या काळजीने शिकवलेल्या विषयात हा दोष अक्षम्य वाटतो.

भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांच्यावरचा भागही तितकाच समाधान देणारा आहे. तेव्हा ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषेत न उरलेले काही ध्वनी मूळ भाषेत असले पाहिजेत, असा तर्क त्यांनी एकविशीत केवळ स्वरवर्णांच्या (अ, आ, इ वगैरेंच्या) रचनेवरून मांडला. पुढे १९१५ साली ह्रोझ्नी यांनी हित्ती या अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्राचीन भाषेचा उलगडा केला आणि १९२७ साली कुरिलोविच यांनी हित्तीतला ‘ह’सारखा ध्वनी त्या तर्काशी जोडला. लॅटिन ‘आन्ते’ आणि संस्कृत ‘अन्ति’ यांच्यासमोर हित्ती ‘हान्त’ ठेवले की तो हरवलेला ध्वनी कुठे होता ते कळते.

तोखारी, आर्मेनियन आणि अल्बेनियन या कुळातल्या इतर शाखांना मिळून एकच पाठ मिळाला आहे, तो अपुरा आहे. मूळ भाषा बोलणाऱ्यांच्या मूलस्थानाच्या चर्चेतही घाई जाणवते : काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाचा आणि अनातोलियाचा असे दोन्ही सिद्धान्त सांगून झाल्यावर प्राचीन डीएनएचा पुरावा जणू अंतिम निकाल म्हणून मांडला आहे, वास्तविक हाडांतून स्थलांतर कळते, ती माणसे कोणती भाषा बोलत होती हे कळत नाही.

स्वाध्याय मात्र मन लावून करावेत. त्यांत तयार नियम न देता केवळ शब्दांच्या जोड्या दिल्या आहेत, आणि नियम आपणच शोधायचा आहे.