उद्यमनगरात घडीचा फोन: पावसाळ्यापासून उसाच्या हंगामापर्यंत

फोन उघडून टेबलावर ठेवला की समोरचा माणूस आधी विचारतो, "घडी किती दिवस टिकंल?" मग किंमत विचारतो. यात एआय काय काय आहे, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, मला अजून कुणी विचारलेलं नाही. जाहिराती बघितल्या तर मात्र सगळा भर एआयवरच. इतके महिने रोज वापरल्यावर माझं मत उद्यमनगराच्या बाजूने झालं आहे: घडीचे पैसे वसूल झाले, एआयसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुस्तकासारख्या उघडणाऱ्या बहुतेक फोनना हे लागू पडेल.

माझं काम बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगचं मशिनिंग करायचं. दिवसभर ड्रॉइंग बघायची. ए-३ कागदावरचं ड्रॉइंग साध्या फोनवर वाचायचं म्हणजे बोटांनी मोठं करा, सरकवा, बोअरचा (भोकाचा) व्यास वाचा, मागे या, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शोधा. तोवर पहिला आकडा डोक्यातून गेलेला असतो. आतला पडदा जवळपास आठ इंचांचा आहे. ड्रॉइंगमधला एक अख्खा व्ह्यू त्यात मावतो, बाजूला व्हॉट्सॲप उघडं ठेवून गिऱ्हाइकाशी बोलणंही चालू राहतं. शिरोलीच्या फौंड्रीत उभं राहून "ही त्रिज्या तीनची नाही, पाचची आहे" असं साचा करणाऱ्या मोल्डरला बोट ठेवून दाखवता येतं. पूर्वी यासाठी टॅबलेट घेतला होता, पण तो नेमका लागेल तेव्हा गाडीत असायचा. खिशात मावणारा मोठा पडदा हीच या फोनची खरी करामत आहे, आणि ज्याचं काम कागद वाचण्याचं आहे त्यालाच ती कळेल.

पावसाळ्यातही याचा उपयोग झाला. पंचगंगा चढायला लागली की आम्हा सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. अर्ध्या पडद्यावर पातळीचे निरोप आणि अर्ध्यावर ट्रान्सपोर्टवाल्याचं बोलणं, असं ठेवून माल आज काढायचा की थांबवायचा हे ठरवत होतो. भर पावसात फोन भिजला, काही झालं नाही.

धुळीचं मात्र तसं नाही. धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारा आयपी आकडा माझ्या फोनला ४८ आहे. यातला ८ पाण्याचा, तो चांगला. पण ४ चा अर्थ एवढाच की एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कण आत जाणार नाही. मोल्डिंगच्या वाळूचा दाणा त्याहून कितीतरी बारीक असतो. शिवाय घडी बंद राहावी म्हणून कडांना चुंबक असतात, आणि बीडाचा चुरा त्यांना येऊन चिकटतो. तो तसाच ठेवून फोन मिटला तर चुरा थेट आतल्या पडद्यावर घासणार. म्हणून मी खिशात छोटा ब्रश ठेवतो आणि शॉपमध्ये फोन मिटण्याआधी कडा झाडतो. गुगलने २०२५ मध्ये पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी ६८ दिलं, म्हणजे धुळीचाही बंदोबस्त केला. फौंड्री, लेथ, पिठाची गिरणी किंवा गुऱ्हाळ असलेल्यांनी घेताना हा आकडा आधी बघावा, कॅमेरा नंतर.

आतली काच कागदाहूनही पातळ असते. सॅमसंगने २०२० च्या झेड फ्लिपमध्ये वापरलेली काच ३० मायक्रॉनची होती. तिच्यावर कारखान्यातच प्लास्टिकची फिल्म बसवलेली असते, ती आपण काढायची नाही. २०१९ मध्ये पहिल्या गॅलेक्सी फोल्डची फिल्म काही परीक्षकांनी स्क्रीनगार्ड समजून सोलली, पडदे गेले आणि विक्री एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली. माझ्या फोनची फिल्म दिवाळीनंतर घडीच्या रेषेवर फुगायला लागली. सर्व्हिस सेंटरने ती मागवून बसवून दिली, पण त्यात दिवस गेले. राजारामपुरीतल्या नेहमीच्या दुकानदाराने हातच लावला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

मधल्या रेषेकडे पहिल्या आठवड्यानंतर लक्ष जात नाही. बॅटरी दिवस कसाबसा काढते.

आता एआय. भाषांतराचा मला रोज फायदा होतो. निपाणीकडचा एक पुरवठादार कन्नडमध्ये लिहिलेलं चलन पाठवतो, ते फोटोवरून वाचता येतं. जर्मन ड्रॉइंगवर कडा मोडून घ्यायची सूचना होती, तीही बरोबर आली. त्याच ड्रॉइंगवर धातू जीजी २५ (बीडाची जर्मन प्रत) लिहिला होता. तो आपल्याकडच्या एफजी २६० या प्रतीच्या जवळचा, हे मात्र आपल्यालाच माहीत असावं लागतं.

लांबलचक खरेदीच्या अटी फोनने चार ओळींत करून दिल्या: डिलिव्हरी, पैसे, पॅकिंग, सगळं नीट. रिजेक्शन झालं तर मशिनिंगचा खर्च कुणाचा, तेच कलम त्यात नव्हतं. आमच्या धंद्यात नफा-तोटा त्याच कलमावर ठरतो. बोलण्याची टिपणं काढणारी सोय तर साच्याचा नमुना बनवणाऱ्या पॅटर्नवाल्यापुढे टिकलीच नाही. तो म्हणाला, "कोअर बसंना झालाय," म्हणजे साच्यातला कोअर नीट बसत नाही; फोनने लिहिलं, "को और बसना झाला." पुस्तकी मराठी त्याला बरी कळते. कोल्हापुरात काम करणारी माणसं बोलतात ती मराठी त्याच्या कानावर पडलेलीच नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. ज्याचे हात तेलाने भरलेत, ज्याला टाइप करता येत नाही, त्याला या सोयीची सगळ्यात जास्त गरज आहे.

फोटोतली माणसं पुसायची सोय घरच्यांनी हौसेने वापरून बघितली. रविवारी ज्योतिबावर काढलेल्या फोटोतली गर्दी पुसली, तर उरलं ते ज्योतिबासारखं दिसेना. फोटो परत होता तसा केला.

आणि यातलं बरंचसं स्वस्त फोनवरही मिळतं. फोटोवरून भाषांतर गुगलच्या मोफत ॲपमध्ये आहे. जेमिनीचं ॲप जून २०२४ मध्ये भारतात आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे, आणि ते साध्या अँड्रॉइडवरही चालतं. म्हणून दुकानदार एआयचं नाव सांगून पंधरा-वीस हजार वर चढवायला लागला तर ऐकू नका.

आडव्या घडीचे, म्हणजे पुस्तकासारखे उघडणारे, मोठ्या कंपन्यांचे फोन दीड लाखाच्या वर जातात. रिल्स, फोन आणि पेमेंट एवढाच वापर असेल तर मोठ्या बॅटरीचा साधा फोन घ्यावा. उभ्या घडीचा, म्हणजे वरून खाली मिटणारा, मोटोरोला पन्नास हजारांच्या आसपास मिळतो, पण उघडल्यावर त्याचा पडदा साध्या फोनएवढाच, म्हणजे ड्रॉइंगवाल्याच्या कामाचा नाही. आर्किटेक्ट, सीए, वकील, ड्रॉइंगवर काम करणारे यांनी आडव्या घडीचा जरूर बघावा, आणि विम्याचे पैसे त्याच दिवशी भरावेत.

एक्स्चेंजला विचारलं तर निम्मीसुद्धा किंमत येत नाही. मी तो विकणार नाहीच. वॉरंटी संपायच्या आत फिल्म आणखी एकदा बदलून घेणार आहे.