कातडे दिले खऱ्या सापाचे, रॉडवर आली छापील पट्टी

गेली अकरा वर्षे मी ह्यूस्टनमध्ये राहतो आणि जमेल त्या शनिवारी गॅल्व्हेस्टनच्या खाडीवर गरवायला जातो. मूळचा वेंगुर्ल्याचा असल्यामुळे गळ लहानपणापासून हातातला आहे. पण हौसेने, आपल्या मापाचा आणि आपल्या पसंतीचा मासे गरवायचा रॉड कारागिराकडून बनवून घेण्याची पद्धत मी इथेच पाहिली. अशाच एका रॉडवर सापाचे कातडे बसवून घेताना मागच्या वर्षी माझी फसवणूक झाली. ज्यांना हे काम करवून घ्यायचे आहे, त्यांनी पैसे आणि कातडे कारागिराच्या हवाली करण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कातडे विकत घेतलेले नव्हते. माझ्या एका सहकाऱ्याचे टेक्ससच्या पश्चिम भागात शेत आहे. तिथे शेळ्यांच्या गोठ्यापाशी निघालेला एक डायमंडबॅक रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारा विषारी साप, त्याला मारावा लागला. त्याचे कातडे त्याने मीठ लावून, फळीवर ताणून वाळवले आणि मला भेट दिले. लांबी ४ फूट २ इंच होती. पाठीवर तपकिरी शंकरपाळ्यांची रांग होती आणि शेपटीवर या जातीची खूण असलेले काळे-पांढरे पट्टे होते. मानेपासून वीतभर खाली, कण्याच्या डावीकडे एक जुनी भरून आलेली जखम होती. तिच्याभोवतीचे खवले तिरपे उगवले होते आणि त्यामुळे एका शंकरपाळ्याची कड मोडली होती. नेमका तोच भाग मुठीच्या पुढे, वरच्या बाजूला दिसावा, असे मी कारागिराला दोनदा सांगितले होते.

कारागिराचे नाव मी लिहीत नाही. एका ओळखीच्या माणसाने त्याला सुचवले होते. त्याच्या गॅरेजमध्ये मांडलेले दोन रॉड मी स्वतः हातात घेऊन पाहिले आणि त्यांवरचे काम अस्सल होते, यात मला आजही शंका नाही. ब्लँक (रॉडची नुसती काठी), रीळ बसवण्याची जागा, गाइड (दोर ओवायच्या कड्या), दोऱ्याची गुंडाळी आणि कातड्याचे काम धरून ३८० डॉलर ठरले. ते सगळे मी आगाऊ दिले आणि लेखी काहीही घेतले नाही. काम चालू असताना एखादा फोटो पाठवा, अशी मी विनंती केली, तेव्हा त्याने कामात व्यत्यय येतो, असे सांगून ती टाळली. खरे तर तिथेच मी सावध व्हायला हवे होते.

फसवणूक नेमकी कशात झाली हे कळण्यासाठी हे काम कसे चालते ते थोडे सांगणे आवश्यक आहे. वाळलेले कातडे आधी पाण्यात भिजवून मऊ करावे लागते. खवल्यांवरचा सुटा, पारदर्शक पापुद्रा चिमट्याने किंवा चिकटपट्टीने काढून टाकावा लागतो, कारण तो राहिला तर त्याच्याखाली हवा अडकते आणि लेपात बुडबुडे दिसतात. इपॉक्सीचा, म्हणजे वाळून काचेसारखा कडक होणाऱ्या राळेचा, लेप चढला की कातडे बरेचसे पारदर्शक होते आणि खालचा काळा ब्लँक नक्षी गिळून टाकतो, म्हणून जाणता कारागीर त्या भागाला आधी पांढरा किंवा फिकट रंग देतो. मग कातडे ब्लँकच्या घेरापुरते कापून, सहज नजर पडणार नाही अशा बाजूला सांधा ठेवून चिकटवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. त्यानंतर दोन्ही टोकांवर दोरा घट्ट गुंडाळायचा. शेवटी रॉड मोटरवर संथ फिरत ठेवून इपॉक्सीचे पातळ लेप एकावर एक द्यायचे आणि प्रत्येक लेप सुकण्याची वाट पाहायची. यात कातड्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त मोल दिवसांचे आणि धीराचे असते. सापाच्या कातड्याची नक्षी छापलेली पट्टी मात्र काही मिनिटांत गुंडाळून होते. माझ्या कारागिराने चोरले ते मुख्यतः हे श्रम.

रॉड सात आठवड्यांनी मिळाला आणि पहिल्या नजरेत फारच देखणा वाटला. घरी आल्यावर मी जखमेची खूण शोधू लागलो, ती कुठेच दिसेना. त्या रात्री टेबलावरच्या दिव्याखाली भिंग घेऊन बसलो. साधारण चार इंचांवर तीच नक्षी, तोच बारीक डाग, तीच फिकट कड पुन्हा येत होती. खऱ्या सापाचे दोन शंकरपाळे कधीही तंतोतंत सारखे नसतात आणि शेपटीकडे जाताना ते लहान होत जातात. इथे सगळे एका मापाचे होते. रॅटलस्नेकच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक बारीक उभा कंगोरा असतो, तोही नव्हता. भिंगाखाली दिसले ते छपाईचे निळे, गुलाबी आणि पिवळे ठिपके.

मी फोन केला, तेव्हा तो आधी म्हणाला की कातडे तुमचेच आहे, लेपामुळे वेगळे दिसते. भिंगातून काढलेले फोटो पाठवल्यावर म्हणाला की कातडे भिजवताना खराब झाले, म्हणून नाइलाजाने दुसरे साहित्य वापरले. मग ते मला कळवले का नाही आणि उरलेले कातडे कुठे आहे, या प्रश्नांवर त्याने फोन घेणेच बंद केले. टेक्ससच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय दाखल करता येतात. तसा दावा करण्याची लेखी नोटीस पाठवल्यावर तीन आठवड्यांनी २०० डॉलर परत आले, सोबत एक ओळही नव्हती.

म्हणून माझे सांगणे असे आहे की कातडे देण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागच्या बाजूला पेन्सिलीने सही करा आणि उरलेला तुकडा परत मिळेल हे लिहून घ्या. अर्धी रक्कम हातात ठेवा आणि कातडे चिकटवल्यानंतर, पण लेप देण्यापूर्वी, रॉड प्रत्यक्ष पाहण्याची अट घाला. या अटीला जो नकार देईल, त्याच्याकडे काम देऊ नका. कातडे विकत घेणार असाल तर ग्लिसरीन लावून मऊ केलेले टाळा, कारण त्यातला ओशटपणा चिकटपदार्थाला धरू देत नाही. अजगराचे म्हणून कोणी विकत असेल तर कागदपत्रे मागा, कारण अजगराच्या सर्व जाती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याशिवाय होऊ शकत नाही.

असा रॉड गावी भावाला न्यावा, असे माझ्या मनात होते. तो विचार मी सोडला आहे आणि इतरांनीही सोडावा. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्यांच्या आयातीवर २०१७ मध्ये बंदी आली. कस्टमच्या टेबलावर ‘ही भेट आहे’ एवढे सांगून भागणार नाही.

सहकाऱ्याला मी सगळे खरे सांगितले. त्याने मला दोष दिला नाही, फक्त उरलेल्या कातड्याबद्दल विचारले. शेपटीचे काळे-पांढरे पट्टे त्याला त्याच्या मुलीसाठी हवे होते. त्या तुकड्यासाठी मी कारागिराला चार पत्रे पाठवली आहेत. एकाचेही उत्तर आलेले नाही.